खळग्यातली खेप

त्या दिवशी सकवारबाई निघाली ती नाचणीच्या पिठाचं पोतं आणि मिठाचा पुडा पोचवायला. एवढंच काम होतं. जायचं, पोतं उतरवायचं, यायचं. आभाळ भरलेलं होतं, पण कार्तिकातल्या त्या झडीत आभाळ रोजच भरलेलं असायचं. त्याचं कुणी काही वाटून घेत नव्हतं.

म्हैसूर राज्य नव्यानं आखलं गेलं त्याच्या आसपासची ही गोष्ट. होसूर रस्त्यानं बोम्मसंद्रा मागे टाकलं की डाव्या अंगाला एक मोठं तळं लागायचं, मुत्तनकेरे. अलीकडे बांध, बांधाच्या टोकाला दगडी सांडवा, आणि पलीकडे, पाणी जिथे उथळ होत जायचं तिथे, चिकणमातीचा सखल पट्टा. त्याला सगळे खळगा म्हणायचे. खळग्यात विटांची भट्टी होती. तेव्हा शहरात जयनगराच्या बाजूला घरांमागून घरं उठत होती आणि विटा कितीही काढल्या तरी पुरत नव्हत्या. बैलगाडीनं तळ्याला वळसा घालायचा तर अर्धा दिवस मोडायचा, म्हणून विटा पडावातून आणायच्या. पडाव म्हणजे रुंद, सपाट बुडाची नाव. तो पडाव खंडोजीचा.

खंडोजीची माणसं शहाजीराजांच्या काळापासून या मुलखात. घरात मराठी, दारात कन्नड. त्या पावसाळ्यात विटांची रास ढासळून खंडोजीची नडगी मोडली आणि तो खाटेला लागला. तेव्हापासून पडाव सकवारबाई चालवायची. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. लुगड्याचा काचा मारून मागच्या टोकाला उभी राहायची आणि लांब बांबू तळाशी रोवून सगळं अंग त्यावर टाकायची. पहिल्या दिवशी बांधावरच्या पुरुषांनी माना वळवून पाहिलं. आठवड्यानं पाहायचं सोडून दिलं.

पाणी वाढत होतं तसतसा तिचा रस्ता रोज बदलत होता. आधी चांगलंच झालं होतं. पडाव पार भट्टीच्या तोंडाशी जायचा. मग धक्क्याचे दगड बुडाले. मग गाडीवाट बुडाली. मग पेरूची बाग बुडाली आणि फांद्या पडावाच्या बुडाला खरडायला लागल्या. विटांचं काम थांबलं. भट्टी विझली. बहुतेक मजूर दिवाळीला आपापल्या गावी गेले ते परतलेच नाहीत. मागे राहिलं एकच कुटुंब, मराठी-कन्नड सीमेकडचं. परसू, त्याची बायको यल्लव्वा आणि आई तानूबाई. यल्लव्वा नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून त्यांना हलता आलं नव्हतं.

दुपार कलली होती. सांडव्यापाशी आप्पाजी उभा होता, तळ्याच्या पाण्यावर नजर ठेवणारा म्हातारा राखणदार. सांडव्याच्या दगडांवरून पिवळं पाणी जाड होऊन पडत होतं.

"सकवारअक्का, ओढ वाढलीय," तो ओरडला. "मधून जाऊ नको. काठाकाठानं जा. दिवे लागायच्या आत ये."

"सरी अण्णा, येते."

"आणि हे बघ..." तो जरा घुटमळला. "तिथून माणसं आणावी लागली, तर डोळ्यांना दिसतील तेवढीच घे."

"म्हणजे काय?"

"सांगितलं तेवढं कर," म्हणून म्हातारा पाठमोरा झाला.

ती खळग्यात पोचली तेव्हा पोतं उतरवायला जागाच नव्हती. झोपडीच्या उंबऱ्याशी पाणी आलं होतं. आत परसूनं विटांवर विटा रचून त्यावर फळी टाकली होती आणि फळीवर यल्लव्वा पोरीला छातीशी घेऊन बसली होती. कच्च्या विटांच्या राशी पाण्यात विरघळून परत चिखल झाल्या होत्या. सगळीकडे ओल्या मातीचा वास. आणि त्याखाली आणखी एक वास होता, खूप दिवस बंद पेटीत ठेवलेल्या कपड्यांसारखा.

"पीठ राहू दे," सकवारबाई म्हणाली. "उठा. चला माझ्याबरोबर."

"आक्का, सामान..." परसू म्हणाला.

"भांडी घे, बाकी सोड. पोरगी किती दिवसांची आहे ती? हिला काय पाण्यात वाढवणार आहेस?"

परसूनं आईला पाठुंगळी आणून पडावात बसवलं. तानूबाईच्या डोळ्यांत फुलं पडली होती. तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. मग यल्लव्वा आली, पोरगी आली, भांड्यांचं बोचकं आलं. तीन माणसं आणि एक तान्हं. विटांच्या मानानं हे ओझं काहीच नव्हतं. सकवारबाईनं बांबू रोवला आणि रेटला.

पडाव हलला नाही.

बूड चिखलात रुतलं असेल म्हणून तिनं बांबूनं चाचपलं. खाली भरपूर पाणी होतं. तिनं पुन्हा रेटलं. तेवढ्यात पुढच्या टोकाची फळी करकरली. कुणी पाय ठेवल्यावर करकरते तशी. पडाव किंचित खाली गेला. मग पुन्हा करकर. पुन्हा थोडा खाली.

तानूबाई सुनेच्या दंडाला हात लावून म्हणाली, "यल्लव्वा, जरा सरकून बस गं."

"का ओ आत्ती?"

"अगं, जागा दे की त्यांना. चढायला लागल्यात न्हवं..."

यल्लव्वानं पुढे पाहिलं. फळ्या रिकाम्या होत्या. पावसाचे थेंब पडून ओल्या झालेल्या, रिकाम्या. तिनं पोरीला पदराखाली ओढलं.

पडाव बसत चालला होता. विटांनी गच्च भरल्यावर बसतो तेवढा बसला, आणि मग त्याहूनही खाली. पाणी काठाला टेकलं. एक लाट आत आली आणि तानूबाईच्या पायांवरून पसरली. आता तो वास फार जवळ आला होता, अगदी तोंडापुढे, कुणी श्वास सोडावा तसा.

"भांडी टाकू का, आक्का?" परसू कुजबुजला.

"भांड्यांनी होत नाहीये हे," सकवारबाई म्हणाली.

उडी मारून परत झोपडीत जावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण झोपडी रात्र काढणार नव्हती. पोरगी रडायला लागली, तान्ह्या पोरांचं ते बारीक, ताणलेलं रडणं, आणि त्या रडण्यानं सकवारबाईचं मन एकदम जागेवर आलं. गर्दीच्या बाजारात एखाद्याला बाजूला हो म्हणावं तशा आवाजात ती बोलली.

"हे बघा. पडाव एवढाच आहे. सगळे मावणार नाहीत, सगळे बुडू. ही ओली बाळंतीण आहे, म्हातारी आहे. आज ह्यांना नेते. उद्या उजाडलं की तुमच्यासाठी परत येते. मी सकवार. खंडोजीची बायको. पडाव आमचाच आहे, कुणाला विचारायचं नाही मला. परत येते म्हणजे येते."

पाऊस थांबल्यासारखा वाटला. थांबला नव्हता, पाण्यावर थेंब पडत होते, पण त्यांचा आवाज येत नव्हता. पोरगी गप्प झाली. मग पुढची फळी करकरली... आणि पडाव थोडा वर आला. मग आणखी थोडा. एकेक करून, अगदी सावकाश, जणू उतरायचं मन होत नव्हतं.

शेवटची करकर तिच्या अगदी जवळ झाली, तिच्या पायाशी. मग बांबूला पडाव हलका लागला आणि तो निघाला.

दिवे लागायच्या वेळेला ते बांधाला लागले.

बांधालगतच्या आपल्या घरी तिनं यल्लव्वाला चुलीपाशी बसवलं, पोरीला शेकलं, सगळ्यांच्या पोटात गरम आंबील गेली. परसूनं घडलं ते अडखळत सांगितलं. आप्पाजी दाराशी घोंगडी पांघरून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणून सांगत होतो अक्का, दिसतील तेवढीच घे."

"कोण आहेत ती?"

"खळग्यातलीच. तू लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. असंच पाणी चढलं होतं. पडाव तेव्हा भट्टीच्या मालकाचा होता. तयार विटा भिजतील म्हणून त्यानं आधी विटा भरायला लावल्या. माणसं काठावर उभी. नावाडी म्हणाला, विटा टाकतो आणि परत येतो. विटा पोचल्या. तोवर अंधार पडला, ओढ वाढली. मालक म्हणाला, सकाळी बघू."

"आणि सकाळी?"

"सकाळी काठच नव्हता." आप्पाजीनं घोंगडी आवळली. "मालकानं महिन्याभरात पडाव विकायला काढला. कुणी घेईना. तुझ्या नवऱ्यानं घेतला."

खंडोजी खाटेवर कोपरावर उठून बसला होता. त्यालाही हे ठाऊक होतं. लाकूड चांगलं होतं आणि तो भुताखेतांना मानत नव्हता. आता मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

"सकवार, तू उद्या जाणार नाहीस."

"जाणार."

"कुणाला शब्द दिलास तू? पाण्याला?"

"कुणाला दिला ते मला दिसलं नाही. पण दिला." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "अहो, तिथे एकजण परत येतो म्हणून गेला आणि आला नाही. आता मी तेच बोलून आलेय, त्याच पडावात उभी राहून. मी गेले नाही, तर पुढल्या पावसात त्या पडावात पाय कसा ठेवू? आणि पायाशी कोण उभं असेल तेव्हा?"

"बेडा अक्का," आप्पाजी म्हणाला, "नको गं. रात्रीत पाणी अजून चढणार. सांडव्याची ओढ पडाव खेचून नेईल."

"हलका पडाव नेते. जड करून आणते. काठाकाठानं आणते."

खंडोजी भिंतीकडे तोंड करून पडला. घरात सगळे निजले तरी तो जागा होता, हे तिला कळत होतं. कोंबडा आरवायच्या सुमाराला ती उठली, तर तो तिच्याआधी उठून बसलेला. बांबूच्या टोकाची लोखंडी टोपी ढिली झाली होती, ती त्यानं दगडानं ठोकून घट्ट बसवली होती.

"परसूला सांग, मला बांधावर नेऊन बसव म्हणावं," तो म्हणाला. "तू दिसेपर्यंत मी तिथेच बसतो."

सकाळ झाली पण सूर्य नव्हता. तळ्यावर धुकं इतकं दाट की पडावाचं पुढचं टोक तिला दिसत नव्हतं. ती बांबूनं वाट चाचपत गेली. पेरूची बाग आता पार खाली गेली होती. एकही फांदी बुडाला लागली नाही. मग बांबू कशावर तरी टेकला, मऊ, दबणाऱ्या. वाकून पाहिलं तर पाण्याखाली झोपडीचं छप्पर होतं. काल त्याच्याखाली यल्लव्वा बसली होती.

सकवारबाईनं पडाव थांबवला.

"आले बरं का," ती म्हणाली. धुक्यात तिचा आवाज लांब गेला नाही. "या."

काही झालं नाही. कुठेतरी पाणकोंबडी ओरडली आणि गप्प झाली. तिला वाटलं, काल आपण सगळे घाबरलो होतो, बाकी काही नव्हतं. तेवढ्यात तो वास आला. बंद पेटीतल्या कपड्यांचा, ओल्या मातीचा. आणि पुढची फळी करकरली.

तिनं मोजलं नाही. ती नजर समोरच्या धुक्यावर ठेवून उभी राहिली. कालच्यापेक्षा आज सगळं शिस्तीत होत होतं. करकर, थांबणं, पडावाचं बसणं. पुन्हा करकर. एकदा दोन करकरी अगदी लागोपाठ झाल्या, एक जड, एक हलकी. कुणीतरी लहानाला उचलून आत ठेवावं तशी. सकवारबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हात दोन्ही बांबूवर होते; तिनं ते तसंच गालावर वाळू दिलं.

"झाले का सगळे?"

पाणी काठाच्या बोटभर खाली होतं. तिनं बांबू रोवला.

तो पडाव तिनं कसा रेटला ते तिचं तिला माहीत. प्रत्येक रेट्याला खांदे उखडतील असं वाटे. ती काठ धरून चालली होती, पण धुक्यात काठ कुठला आणि पाणी कुठलं! मधेच बांबू खाली गेला, गेला, आणि टेकलाच नाही. तळ नव्हता. त्याच क्षणी तिला सांडव्याचा आवाज ऐकू आला, उजव्या हाताला, फार जवळ.

पडाव आडवा झाला. ओढ लागली. तिनं बांबू फिरवून वल्ह्यासारखा मारायचा प्रयत्न केला, पण त्या ओझ्यापुढे ती काडीच होती. पाणी काठावरून आत यायला लागलं. धुक्यातून सांडव्याचे दगड दिसायला लागले, काळे, त्यांच्यावरून घसरणारं पाणी. त्यापलीकडे काही नाही, नुसता आवाज.

"अगं बाई..." तिच्या तोंडून निघालं. मग ती दात आवळून म्हणाली, "ऐका. मी आले, दिलेला शब्द पाळला. आता मी एकटी पुरायची नाही. पलीकडे जायचं असेल तर काय करायचं ते करा..."

पडावाचं सरकणं थांबलं.

पाणी दोन्ही बाजूंनी वाहत होतं. पालापाचोळा, एक फुटकं सूप, कुणाचं तरी गवताचं छप्पर, सगळं तिच्या शेजारून सांडव्याकडे गेलं आणि खाली पडलं. पडाव जागच्या जागी उभा. मग तो ओढीच्या उलट, आडवा, बांधाच्या दिशेनं सरकायला लागला. हळूहळू. सकवारबाईनं बांबू पाण्याबाहेर काढून छातीशी धरला होता. बांबूला काही कामच नव्हतं.

बांधावर खंडोजी दगडावर बसला होता, मोडका पाय पुढे पसरून. शेजारी आप्पाजी, परसू. धुक्यातून पडाव आला तो त्यांनी पाहिला. आत एक बाई उभी, हातात नुसता धरलेला बांबू, आणि पडाव असा बुडालेला, की ती पाण्यावरच उभी आहे असं वाटावं. परसू मागे सरला. खंडोजी बसल्या जागेवरून म्हणाला, "दोर टाक."

तिनं दोर टाकला. आप्पाजीनं तो खुंटीला घट्ट बांधला. मग त्यानं डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं आणि वाट सोडून उभा राहिला.

"उतरा," सकवारबाई म्हणाली. "हा बांध. समोर वाट आहे. होसूर रस्ता लागतो."

पडाव वर येत गेला. बांधावरच्या चिखलात चपक, चपक असा आवाज होत होता, अनवाणी पाय पडल्यासारखा. तो आवाज त्यांच्यामधून गेला, घराच्या दारावरून गेला. दारात तानूबाई बसली होती. तिनं पाय जवळ ओढून घेतले आणि कुणी पाहुणे पुढे निघावेत तसं म्हणाली, "बरं... सावकाश जावा."

मग सगळं शांत झालं. सकवारबाई चिखलातच बसली आणि हमसून रडली. खंडोजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं लुगडं घामानं गरम होतं.

खळग्यात पुन्हा भट्टी लागली नाही. पाणी उतरलं तेव्हा तिथे नुसता गाळ उरला होता. मालकानं दुसरीकडे जागा घेतली. परसू आणि यल्लव्वा बांधाच्या अलीकडे राहिले. पोरीचं नाव चंपा ठेवलं. पडाव आता गवत आणि भाजीपाला वाहायचा आणि अगदी हलका चालायचा. सकवारबाईला त्या तळ्यावर कधी भीती वाटली नाही.

चैत्र संपता संपता तळं आटलं, तसा खंडोजीनं पडाव डांबर लावायला वर काढला. त्याची नडगी जुळली होती. चिकपेटेच्या बाजारातून डांबर आणि काथ्या आणला होता. चार माणसं लावून त्यांनी पडाव पालथा घातला. खंडोजी बूड खरवडायला वाकला आणि तसाच राहिला.

"सकवार," त्यानं हाक मारली. "इकडे ये. एकटीच ये."

पडावाच्या सगळ्या बुडावर पंजे उमटलेले होते. चिकणमातीचे. मोठे, लहान, एकमेकांना लागून, बोटं पसरलेली. इतके महिने पडाव पाण्यात चालला होता, गवतातून, दगडांवरून घासत गेला होता, तरी एकही पंजा पुसला गेला नव्हता.

"खालून धरला होता त्यांनी," खंडोजी हळू म्हणाला. "सांडव्यापाशी. तुला उचलून आणलं."

सकवारबाई पालथ्या पडावाभोवती सावकाश फिरली. मधले पंजे सपाट टेकलेले होते, उचलून धरावं तसे. काठाकडच्या काहींची बोटं मात्र आकड्यासारखी वळून लाकडात रुतली होती, ओरखडे काढत खाली गेलेली, ओढावं तशी.

वर ऊन रणरणत होतं. ती एका टोकाशी थांबली, जिथे उभी राहून ती पडाव चालवायची, बरोबर त्या जागेच्या बुडापाशी. वाकून तिनं तिथल्या पंजाला बोट लावलं. बाकीचे सगळे वाळून विटेसारखे कडक झाले होते.

हा ओला होता.